नाकाने खणणारं कूळ

अल मवालेह, मस्कत
१४ जानेवारी

बाबा,

हे पत्र कामाचं आहे. तुमचा हा ईमेल अजून चालू आहे का, तेही मला माहीत नाही.

आधी एक सांगून टाकते, म्हणजे गैरसमज नको. माझं मन बदललेलं नाही. आई मार्चमध्ये गेली आणि त्याच दिवाळीला तुम्ही कॉलेजच्या लायब्ररीतल्या त्या बाईंच्या घरी राहायला गेलात. त्याला चार वर्षं झाली. मी काही विसरलेली नाही. पण त्याबद्दल लिहायला मी बसलेली नाही. मला बेडकांबद्दल विचारायचंय, आणि बेडकांबद्दल विचारावं असं दुसरं माणूस मला माहीत नाही.

विमानतळावर पकडलेले प्राणी सरकार आमच्या क्लिनिककडे ठेवायला देतं. मागच्या बाजूला त्यासाठी चार खोल्या आहेत. पोपट येतात, कासवं येतात, एकदा चित्त्याचं पिल्लू आलं होतं. या आठवड्यात दार-ए-सलामहून निघालेलं एक खोकं आलं. वर लिहिलं होतं, कुंड्यांची माती. आत प्लास्टिकचे डबे, डब्यांत ओलं कोकोपीट आणि कोकोपीटमध्ये बेडूक. अर्धे मेलेले, उरलेले मेल्यासारखे. माझी असिस्टंट अंबरीन हैदराबादची आहे. तिने एक हातात घेतला आणि म्हणाली, "डॉक्टर, ये मेंढक है या आलू?"

खरंच बटाटाच. मुठीत मावेल एवढा, गोल, फुगलेला. तपकिरी अंगावर पिवळट नक्षी. डोकं इतकंसं की ते कुठे संपतं आणि नाक कुठे सुरू होतं कळत नाही. नाक टोकदार, टणक. डोळे मोहरीएवढे. पुढचे पाय मात्र पैलवानाचे. फोटो जोडले आहेत.

मी उंट बघते, घोडे, ससाणे, मांजरं बघते. बेडूक हा तुमचा प्रांत. हे काही खात नाहीत, पाण्यात ठेवले तर बुडायला लागतात. सरकारी माणसाने स्पष्ट सांगितलंय, जगवता येत नसतील तर नष्ट करा, बाहेरचा रोग देशात नको.

हे कोण आहेत आणि यांना काय हवंय, एवढंच कळवा.

सई


१७ जानेवारी

बाबा,

उत्तर मिळालं. इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं.

तुमच्या प्रयोगशाळेतल्या त्या बरणीतला बेडूक मी कसा विसरले! फॉरमॅलिनमध्ये पांढरा पडलेला, नाक वर करून बसलेला. तुम्ही जेवताना त्याच्याबद्दल बोलायचात आणि आई म्हणायची, "अहो, ताटावर नको." तर हे ते. आफ्रिकेबाहेर कुठेही नसलेलं कूळ, त्यात एकच वंश, हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या जाती. तुम्ही आयुष्यभर एक मेलेला पाहिलात आणि माझ्याकडे जिवंत येऊन पडले. नशीब कुणाचं आणि कुणाकडे जातं बघा.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे काचेच्या मोठ्या टाकीत वाळू आणि चिकणमाती मिसळून हातभर थर दिला. पाणी काढून टाकलं. एकेकाला वर ठेवलं. थोडा वेळ नुसते बसून राहिले. मग एकाने डोकं खाली घातलं.

मला वाटलं मेला. पण नाही. बाकीच्या जातींचे बेडूक मागच्या पायांनी उकरत मागे मागे मातीत शिरतात, हा तर सरळ नाकावरच गेला. नाक जमिनीत रोवायचं, मान वर-खाली करायची, पुढच्या पायांनी माती मागे लोटायची. हळूहळू डोकं गेलं, खांदे गेले, शेवटी मागचे दोन पाय हवेत राहिले आणि मग तेही ओढले गेले. वर फक्त जराशी भुसभुशीत माती. अंबरीनने टाळी वाजवली. मी पण वाजवणार होते, पण हातात ग्लोव्हज होते.

आता तुमच्या त्या दुसऱ्या सूचनेबद्दल. "फोटो पाठवू नकोस. लिहून पाठव. डोळ्यांनी पाहिलेलं शब्दांत उतरवता येत नसेल तर पाहिलंच नाहीस असं समज." बाबा, मी तुमची एफवायची विद्यार्थिनी नाही. बेचाळीस वर्षांची आहे. सकाळी सातला क्लिनिक उघडते, संध्याकाळी घरी येते तेव्हा बोलायचंही त्राण नसतं. चिन्मय इब्रीला प्रोजेक्टवर आहे, आठवड्याला एकदा येतो, तेव्हा आम्ही दोघं जेवतो आणि झोपतो. या सगळ्यात मी तुम्हाला निबंध लिहायचे?

तरी लिहिलं. वरती बघा.

वाळवी कुठे मिळेल ते शोधते.

सई


२६ जानेवारी

बाबा,

वाळवी मिळाली. इब्रामध्ये. अंबरीनच्या नवऱ्याच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची खजुराची बाग आहे. त्यांना सांगितलं, मला वाळवी लागलेलं खोड हवंय. ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, लोक वाळवी मारायला औषध मागतात, तुम्ही वाळवी मागताय. मग स्वतःच फावडं घेऊन आले आणि पडलेल्या खजुराचा बुंधा फोडून दिला. वर कॉफी पाजली, खजूर दिले, घरी न्यायला लिंबं दिली. येताना पूर्ण रस्ता गाडीत कुजलेल्या लाकडाचा वास.

बुंध्याचा तुकडा टाकीत ठेवला. संध्याकाळी त्याच्या कडेची माती हलली. एक नाक बाहेर आलं, लाकडाच्या चिरेला लागलं, आणि चिरेत खुपसलं गेलं. अख्खा बेडूक बाहेर आलाच नाही. नाकापुढे जे येईल ते जीभ बाहेर काढून आत, जीभ बाहेर काढून आत. जीभ फेकत नाहीत हे, हळू लांबवतात, म्हातारा माणूस चमचा तोंडाकडे नेतो तशी. तुम्ही विचारलं होतंत ना, जीभ कशी चालते म्हणून. अशी चालते.

आज सरकारी अधिकारी आले होते. सुलैमान त्यांचं नाव. त्यांचे आजोबा झांझिबारहून परत आलेले, त्यामुळे घरात अजून स्वाहिली बोलतात. टाकीत वाकून बघितलं आणि लहान मुलासारखे ओरडले, "चुरा!" मी म्हटलं, कसला चुरा? तर स्वाहिलीत बेडकाला चुरा म्हणतात. मी त्यांना सांगितलं, माझ्या भाषेत चुरा म्हणजे बिस्किटाचा उरतो तो. ते खूप हसले. पण हसून झाल्यावर म्हणाले, "डॉक्टर, ईदपर्यंत मी थांबवू शकतो. रोगाची तपासणी स्वच्छ आली आणि बाहेरचं एखादं प्राणिसंग्रहालय घ्यायला तयार झालं तर ठीक. नाहीतर खलास."

दोन पत्रं टाकली आहेत युरोपात. बघू.

तुमच्या पत्रात एकदाही तब्येतीबद्दल काही नसतं. मीही विचारलं नव्हतं, म्हणून विचारते. कसे आहात?

सई


१९ फेब्रुवारी

बाबा,

"बरा आहे" एवढंच. बरं.

कालपासून रमजान सुरू झाला. सगळं उशिरा उघडतं, उशिरा बंद होतं, माझं मात्र सकाळी सातचं सुटत नाही.

तुम्ही म्हणालात तसं मातीवर झारीने पाणी घालायला सुरुवात केली होती, रोज थोडं जास्त. चौथ्या-पाचव्या संध्याकाळी आवाज सुरू झाला. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो तसा, सलग, मध्ये श्वास नाही. आम्ही एसी तपासला, फ्रिज तपासला. अंबरीन म्हणाली, "डॉक्टर, आलू बोल रहा है." नर मातीतूनच ओरडत होता, दिसत नव्हता.

मग एक मादी वर आली. नरापेक्षा बरीच मोठी. तो तिच्या पाठीवर चढला, कमरेला घट्ट धरून बसला. आणि ती त्याला घेऊनच खाली खणू लागली. बाबा, तो काहीच मदत करत नव्हता. डोळे मिटून चिकटून होता. तिने स्वतःला गाडायचं आणि त्यालाही मागे ओढत न्यायचं. मला बघवेना, आणि मी बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी नर एकटा वर आला. ती आली नाही.

तुम्हाला विचारलं, ती कुठे गेली, मेली तर नाही ना? आणि उत्तर यायच्या आत मी खुरपं घेतलं. कडेकडेने माती काढली. वीतभर खाली एक पोकळी होती, आतून गुळगुळीत, लिंपल्यासारखी. तिच्यात अंड्यांचा ढीग, साबुदाण्याच्या खिचडीसारखा, आणि त्या ढिगावर ती. अंग पसरून. उजेड आला तरी हलली नाही. उलट अंग अजून फुगवलं.

मी माती परत लोटली, दाबली, पाणी शिंपडलं. आणि मग तुमचं पत्र आलं. "खणू नकोस. काहीही झालं तरी खणू नकोस."

कळवायला नको असं वाटलं होतं. पण कळवलं नाही तर पुढे काय करायचं ते कोण सांगणार?

सई


२३ फेब्रुवारी

बाबा,

"तू खणलंस. विचारलंस आणि ऐकायला थांबली नाहीस. आता ती अंडी सोडून गेली तर दोष तिचा नाही."

तुम्ही रागावलात ते बरोबरच आहे. पण खरं सांगू? वाचून मला बरं वाटलं. चार वर्षांत मला कोणी रागावलेलं नाही. इथे सगळे मॅडम म्हणतात.

तुमच्या सूचनेप्रमाणे टाकी एका बाजूने उचलून खाली विटा दिल्या. उताराच्या कोपऱ्यात माती काढून पसरट भांडं रोवलं, त्यात पाणी. तुम्ही लिहिलंत, "अंडी फुटली की पिल्लं पाण्याशिवाय जगत नाहीत, आणि पाणी त्यांच्यापर्यंत येईलच असं नाही. पाऊस आला तर तळं वाढून बिळापर्यंत पोचतं. नाही पोचलं तर आई खणत तळ्यापर्यंत जाते आणि मागून पिल्लं जातात. असं वाचलंय. पाहिलेलं नाही." पाहिलेलं नाही हे वाक्य तुम्ही दोनदा लिहिलंय.

मी रोज भांड्यातलं पाणी थोडं वाढवते. बाकी काही करत नाही. आईच्या शेवटच्या महिन्यात मी सुट्टी काढून आले होते तेव्हाही असंच होतं. पाणी द्यायचं, उशी सरळ करायची, बाकी काही नाही. तुम्ही तेव्हा बाल्कनीत उभे राहायचात. मला वाटायचं, आत का येत नाहीत हे?

दमले. झोपते.

सई


४ मार्च

बाबा,

आली! पिल्लं आली!

सकाळी क्लिनिक उघडलं, दिवा लावला, सवयीने भांड्यात डोकावले. पाणी गढूळ होतं आणि त्या गढूळात काहीतरी वळवळत होतं. एक नाही, कितीतरी. राखाडी, लांब शेपटीची, एकमेकांवर पडणारी. मी तिथेच जमिनीवर बसले.

मग मातीकडे पाहिलं. भांड्याच्या कडेला, पाण्याच्या बरोबर रेषेत, एक भोक होतं. माझा अंगठा जाईल एवढं. भोकाच्या तोंडाशी ती होती. नाक पाण्यात, मागचं अंग अजून बोगद्यात, सगळं अंग चिखलाने माखलेलं. तिच्या पाठीवरून दोन-तीन उशिरा निघालेली पिल्लं घसरत पाण्यात येत होती. ती हलत नव्हती. शेवटचं पिल्लू उतरेपर्यंत तशीच राहिली. मग मागे सरकली आणि भोक आतून बुजलं.

एवढी बारीक झालीय बाबा! कातडी सैल पडलीय. इतके दिवस तिने काही खाल्लेलं नाही. तिच्यासाठी वाळवीचा बुंधा भोकाजवळ सरकवून ठेवलाय.

तुम्ही जे वाचलं होतंत ते मी पाहिलं. सोबत व्हिडिओ पाठवतेय. नको म्हणालात तरी पाठवतेय, कारण हे शब्दांत पुरं होत नाही. शेवटची पिल्लं उतरतानाचा आहे, घाईत काढला म्हणून थोडा हललाय. बघा आणि लगेच कळवा.

तपासणीचा निकालही आला. स्वच्छ. जर्मनीतल्या एका प्राणिसंग्रहालयाने होकार कळवलाय. सुलैमाननी स्वतः फोन करून मबरूक म्हटलं, म्हणजे अभिनंदन.

सई


११ मार्च

बाबा,

हे पत्र तुम्हाला कोण वाचून दाखवतंय ते आता मला माहीत आहे. म्हणून जपून लिहिते, आणि जपून लिहायचं नाही असंही ठरवते. काय होतंय बघू.

व्हिडिओबद्दल तुमचा एक शब्द आला नाही. पिल्लांना काय घालायचं ते सविस्तर आलं, पाणी किती वेळाने बदलायचं ते आलं. जी गोष्ट तुम्ही आयुष्यभर वाचलीत ती डोळ्यांसमोर पाठवली आणि तिच्याबद्दल अक्षर नाही. मला फार राग आला. इतका की फोन केला. तुमचा नंबर मी पुसला नव्हता.

फोन त्यांनी उचलला. काय बोलणं झालं ते तुम्हाला त्यांनी सांगितलं असेल. तरी माझ्या बाजूने सांगते.

मी म्हटलं, "बाबांना द्या."

"अंघोळीला गेलेत. डॉक्टर सई बोलताय का?"

"हो. त्यांनी व्हिडिओ पाहिला का, एवढंच विचारायचं होतं."

त्या म्हणाल्या, "पाहिला नाही. ऐकला."

"म्हणजे?"

"मी बघून सांगितलं. चार वेळा लावायला लावला. मला बेडकांची मनापासून किळस आहे हो, लहानपणापासून. पण काय करणार? भोक कुठे, नाक कुठे, पिल्लू पाठीवरून डावीकडे उतरलं की उजवीकडे. मी चुकले की ओरडत होते."

मला अजूनही कळत नव्हतं. मी विचारलं, "चष्मा मोडलाय का?"

"त्यांनी तुम्हाला कळवायचं नाही म्हणून सांगितलंय. पण आता तुम्ही थेट विचारलंत, आता मी खोटं बोलणार नाही. डोळ्यांचे पडदे गेलेत. दोन वर्षं झाली. मधोमध काही दिसत नाही, कडेने थोडं दिसतं. माझा चेहरा दिसत नाही त्यांना, पदर दिसतो. औषधं झाली, डोळ्यांत इंजेक्शनं झाली. आहे ते टिकलं तरी पुष्कळ, म्हणतात डॉक्टर."

मी क्लिनिकच्या मागच्या पायरीवर बसले. समोर उन्हात कोणाची तरी पिकअप उभी होती, तिच्यात उंट. तो माझ्याकडे बघत होता.

"मग ही पत्रं?"

"ते सांगतात, मी टाईप करते. तुमची येतात ती मी वाचते."

"सगळी?"

"सगळी."

"पहिलं पण?"

"पहिलं पण."

"त्यात तुमच्याबद्दल होतं."

"होतं ना. त्या बाई. वाचलं मी. गाळून कसं चालेल? त्यांची लेक चार वर्षांनी लिहितेय, त्यातलं मी कोण काढून टाकणार? वाचून झाल्यावर ते म्हणाले, परत एकदा वाच. मी म्हटलं, हेसुद्धा? तर म्हणाले, हेसुद्धा."

बाबा, तुम्ही तेव्हा अंघोळीहून आलात. मला तुमचा आवाज ऐकू आला, "कोण आहे गं?" त्या म्हणाल्या, "घ्या, सई आहे." आणि तुम्ही फोनवर आलात आणि म्हणालात, "पिल्लांना पालक उकडून घाल, कच्चा नको." मी बरं म्हटलं. तुम्ही ठेवलात.

मी रागावलेली नाही. म्हणजे आहे, पण कशावर ते नीट सांगता येत नाही. तुम्ही आंधळे होत होतात आणि मला कळवलं नाहीत. मला कळवण्यासारखं मी काही ठेवलं होतं का, तेही आहे.

बेडूक एप्रिलच्या शेवटी जातील. तोपर्यंत पिल्लांचे पाय फुटून ती मातीत जायला लागलेली असतील. कडेने तरी दिसतं म्हणता, तर मग या. व्हिसाचं मी बघते. तुम्ही एकटे येऊ शकणार नाही, ते मला कळतं. तेव्हा दोघंही या.

सई


२ मे

कलावतीताई,

मायना लिहिताना हात अडला, पण लिहिला.

तुम्ही दोघं मस्कतहून घरी पोचल्याचा फोन आला तेव्हा म्हणालात, "त्या दिवशी क्लिनिकच्या आत काय झालं ते हे सांगतच नाहीत, विचारलं की नुसतं हं म्हणतात." म्हणून लिहिते. तुम्ही गाडीतच बसून राहिलात, एसी लावून, काचा बंद करून. बेडूक दाराखालून येतील की काय, असं तुम्ही अंबरीनला विचारलंत ते तिने मला नंतर सांगितलं. ती अजून हसतेय.

मी बाबांना हाताला धरून आत नेलं. त्यांनी हात सोडवून घेतला आणि खांद्यावर ठेवला. तुम्ही त्यांना असंच चालवता, ते मी विमानतळावर पाहिलं होतं, पण त्यात काय सोपं असतं ते माझ्या खांद्यावर हात आल्यावर कळलं. टाकीशी उभे राहिले आणि तोंड भलतीकडेच वळवलं, दाराकडे. मी म्हटलं, बाबा, टाकी इकडे. म्हणाले, "गप गं. इकडे तोंड केलं की तिकडचं दिसतं."

असे बराच वेळ दाराकडे बघत टाकी बघत होते. काय दिसलं ते मला सांगितलं नाही. बहुतेक फार काही नसावं.

मग मी त्या मादीला बाहेर काढलं. ती आता पुन्हा भरलीय, वाळवी खाऊन खाऊन. ती मी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची मूठ हलकेच मिटवली. आधी काही झालं नाही. मग तिने सुरू केलं. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये नाक रोवलं आणि ढकलायला लागली. बाबांनी "ओ!" केलं. जोरात. तुम्हाला गाडीत ऐकू आलं असेल.

"अगं, हिच्यात केवढी ताकद आहे!"

"बोटं सैल करा, नाहीतर दुखवून घेईल."

"नाही करत. थांब. मान हलवतेय. वर, खाली, वर. पाय बघ, पाय मागे लोटतात, हे कुठे नीट लिहिलेलं नाही. सई, लिहून घे."

मी लिहून घेतलं. खरंच घेतलं, केसपेपरच्या मागे. ते सांगत होते आणि मी लिहीत होते. ती बोटांतून अर्धी बाहेर आली, मग दुसऱ्या हातात गेली, तिथून पुन्हा खणू लागली. त्यांचे दोन्ही हात चिखलाने भरले. इतके खूश मी त्यांना कधी पाहिले ते आठवत नाही. आई असतानाही नाही.

मग तिला मातीवर ठेवलं. ती डोकं घालून गेली. बाबा रिकामे हात तसेच धरून बसले आणि म्हणाले, "तुझ्या आईपाशी मला बसवत नव्हतं. बाल्कनीत जायचो. तू पत्रात विचारलंयस म्हणून सांगतो."

मी केसपेपर बाजूला ठेवला.

"ती गेल्यावर त्या घरात मला एकट्याला राहवत नव्हतं. एवढंच झालं, बाकी काही नाही. कलावतीने विचारलं, मी हो म्हटलं. तुला आधी विचारायला हवं होतं का?"

मी म्हटलं, "विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं."

"मग काय केलं असतं मी?"

"तरी गेला असतात."

"हो," म्हणाले. "गेलो असतो."

यावर आम्ही दोघंही हसलो नाही. पण तिथून पुढे मला जरा हलकं वाटलं. मी त्यांचे हात धुतले. नखांतला चिखल काढला. तुम्ही त्यांची नखं किती व्यवस्थित कापता ते तेव्हा पाहिलं. त्यांना स्वतःला ती दिसत नसणार, म्हणजे तुम्हीच कापता.

बेडूक परवा गेले. सुलैमान कागदांवर सह्या घ्यायला आले होते. खोक्यावर या वेळी खरं नाव लिहिलं होतं. सगळी पिल्लं जगली नाहीत, बरीचशी पाण्यातच गेली. जी मातीपर्यंत पोचली ती नखाएवढी होती आणि तेवढ्याशा नाकाने खणत होती. बाबांना सांगा, की खोक्यातल्या मातीत ठेवल्या ठेवल्या ती मादी खाली गेली. जर्मन माणसाचं पत्र कालच आलं, सगळे पोचले, सगळे मातीत आहेत, कोणीच दिसत नाही.

टाकी रिकामी आहे. अंबरीन म्हणते, धुऊन ठेवू. मी म्हटलं, राहू दे जरा. काल दुपारी मागच्या खोलीत खुर्चीवर बसल्या बसल्या मला झोप लागली. उठले तेव्हा बाहेर पेशंटची रांग होती आणि कोणीही मला उठवलं नव्हतं. अर्बाबने, म्हणजे क्लिनिकच्या मालकांनी, स्वतः येऊन विचारलं, डॉक्टर, आजारी आहात का? मी म्हटलं, नाही, दमलेय. ते म्हणाले, कधीपासून? मी तिथेच सुट्टी मागितली.

सुट्टी मिळाली आहे. पंधरवडाभर. चिन्मयला जमणार नाही, त्याचं काम संपायला अजून वेळ आहे. मी एकटीच येतेय. तुमच्या घरी मला कुठे झोपवणार ते तुम्ही ठरवा, मला कुठेही चालतं. माझ्यासाठी वेगळं काही करू नका. मी आल्यावर दोन दिवस नुसती झोपणार आहे, तेव्हा आलेल्या-गेलेल्यांना सांगा, लेक आली आहे, झोपली आहे.

आणि मला डॉक्टर म्हणू नका. सई म्हणा.

कोल्हापूरला विमान दुपारी उतरतं. उन्हाचं बाबांना आणू नका, त्यांना गर्दीत त्रास होतो. तुम्ही या.

सई